तुळशीच्या लग्नानंतर, अलिबाग-मुरूडच्या निवांत किनाऱ्यांवर एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं आजोळ आक्षीचं. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की दरवर्षी फोन आणि मेसेज सुरू होतात: "उद्या सुट्टी मिळतेय, समुद्रावर जाऊन येतो, कुठे जाऊ?" ठरवून, बुकिंग करून जाणाऱ्यांना माहिती भरपूर मिळते. आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी मनात येतं, त्यांची मात्र पंचाईत होते. त्यांनीच पुन्हापुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग आणि मुरूड तालुक्यांच्या किनाऱ्यापुरतीच आहेत.

१. निवांतपणा हवा असेल तर नेमके कोणते दिवस धरावेत?

तुळशीचं लग्न लागल्यापासून नाताळच्या सुट्टीपर्यंत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झालेल्या असतात, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली झुंबड अजून लांब असते. ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, त्यामुळे पाणी शांत दिसतं. दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि लाटांना जरा जोर येतो. भात कापून झालेलं असतं, शेतांत उडव्या रचलेल्या असतात. मंगळवार ते गुरुवार यांतला एखादा दिवस मिळाला तर उत्तम.

दोन अपवाद लक्षात ठेवा. कार्तिकात वरसोलीला विठोबाची जत्रा भरते, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीनिमित्त चौलच्या दत्ताच्या टेकडीवर मोठी यात्रा असते. यात्रेच्या दिवसांत चौल-रेवदंड्याचा अरुंद रस्ता गाड्यांनी भरून जातो. यात्राच बघायची असेल तर जरूर जा, तोही दिवस सुंदर जातो. शांत किनारा शोधत असाल तर मात्र त्या दिवशी चौलच्या दिशेला जाऊ नका.

२. मुंबईत सकाळी सात वाजता मनात आलं. त्याच दिवशी जाऊन परत येता येईल का?

हो. गेटवेहून मांडव्याची बोट पकडा. पाण्यावरचा प्रवास साधारण तासाभराचा आहे. पुढे मांडव्याहून अलिबागपर्यंत बोट कंपनीचीच बस असते आणि बहुतेक कंपन्या तिचं भाडं तिकिटातच धरतात. दहा-साडेदहाला तुम्ही अलिबागच्या स्टँडजवळ असता. तिथून आक्षी, नागाव, रेवदंड्याला एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात.

स्वतःची गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. ती २०२० मध्ये सुरू झाली. गाडीसाठी आधी जागा ठेवावी लागते, म्हणून ऐन वेळी निघणाऱ्यांनी माणसांपुरतीच बोट धरावी हे बरं. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ करत गेलात तर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरतं. जाताना सकाळी रस्ता ठीक असतो. रविवारी संध्याकाळी अलिबाग ते वडखळ या टप्प्यात परतणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते, ती दिवसभराचा आनंद धुऊन काढते.

अलिबागला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन पेण, तिथून पुढे एसटी.

३. आणि पुण्याहून?

जमतं, पण पहाटे साडेपाचपर्यंत निघायला हवं. खोपोली-पेण-वडखळमार्गे अलिबाग सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे एका बाजूला साडेतीन तास धरा. आठला उठून "चला" म्हणालात तर दिवसातले सात तास गाडीत जातील आणि समुद्र वाट्याला येईल तो भर दुपारचा. अशा वेळी मी सरळ सांगते की आज राहू द्या, उद्या पहाटे निघा.

४. "निवांत" म्हणून नेमका कुठला किनारा? सगळीकडे गर्दीच असते ना?

गर्दी असते ती अलिबागच्या मुख्य किनाऱ्यावर, वरसोलीला, नागावला आणि काशीदच्या गाड्या थांबतात त्या टोकाला. त्यांच्या आजूबाजूलाच रिकामी वाळू पसरलेली आहे.

*आक्षी.* माझं झुकतं माप इथेच आहे, हे लपवत नाही. वाडीतून, नारळी-पोफळींच्या मधल्या वाटेने जायचं, मग सुरूचं बन लागतं आणि त्यापलीकडे समुद्र. उतार अगदी मंद आहे, त्यामुळे ओहोटीला पाणी खूप दूर जातं आणि ओल्या वाळूचा भलामोठा आरसा उरतो. त्यात आभाळ दिसतं. आक्षीपासून नागावकडे सलग वाळूवरून चालत जाता येतं. या गावचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. एवढ्या लांब येऊन तो न बघता जाऊ नका. त्याच्या खाली गधेगाळ कोरलेली आहे, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. मुलांना तिचा अर्थ सांगायचा की नाही हे तुम्ही ठरवा.

*किहीम, आवास, सासवणे.* मांडव्याहून अलिबागकडे येताना हे किनारे आधी लागतात, त्यामुळे बोटीने येणाऱ्यांचा वेळ वाचतो. किहीमला १९३० च्या सुमारास सलीम अली राहत होते आणि सुगरण पक्ष्याचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास तिथलाच. सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर आणि शिल्पसंग्रह आहे. ऊन चढल्यावर तासभर तिथे घालवला की मन भरून येतं.

*रेवदंडा आणि कोर्लई.* रेवदंड्याला पोर्तुगीज तटबंदीच्या आतच गाव वसलेलं आहे, आणि तटाला लागून किनारा. वाळू काळसर आहे, म्हणून फोटोसाठी येणारे इथे थांबत नाहीत आणि शांतता टिकून राहते. कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथल्या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून झालेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. डोंगराच्या सोंडेवरचा किल्ला चढायला फार वेळ लागत नाही, आणि वरून खाडी एका हाताला, समुद्र दुसऱ्या हाताला दिसतो.

*नांदगाव.* काशीदच्या पुढे, मुरूडच्या अलीकडे. जे काशीदला थांबतात ते इथपर्यंत सहसा येत नाहीत, आणि म्हणूनच सांगते. मुंबईहून एका दिवसात मात्र हे ओढाताणीचं होतं (प्रश्न ५ बघा).

५. एका दिवसात किती किनारे होतील? आमची यादी सहाची आहे.

एक. फार तर जोडून असलेले दोन.

यादी घेऊन आलेल्यांना मी परतताना भेटले आहे. त्यांना पार्किंग आठवतं, किनारा आठवत नाही. समुद्र एकाच जागी बसून बघायचा असतो, कारण तो दर तासाला बदलतो. सकाळी जिथे पाय बुडत होते तिथे दुपारी कोरडी वाळू असते, खेकडे बाहेर येतात, पक्षी उतरतात, मग पाणी परत फिरतं. हे बघायला किमान चार-पाच तास एका ठिकाणी हवेत. अलिबाग ते मुरूड अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, पण वळणांचा आणि गावांमधून जाणारा रस्ता आहे, दीड तास सहज जातो. जंजिरा त्याच दिवसात घालायचा विचार करत असाल तर तो वेगळा, पूर्ण दिवस समजा.

६. भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार? तिचा एवढा विचार करायला हवा का?

हवाच. या किनाऱ्यांवर दिवस कसा जाईल हे हवामानापेक्षा पाणी जास्त ठरवतं. मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात. पण आजोबांनी शिकवलेला हिशेब मला अजून जवळचा वाटतो, आणि तो कुठेही, रेंज नसतानाही करता येतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि पहाटेही तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, कधी थोडी जास्तही. वाळूवर फिरायला एवढा अंदाज पुरतो. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे (प्रश्न ७) छापील वेळापत्रक आणि तिथली माणसं, दोन्हींना विचारा.

या हिशेबामागे चंद्र आहे. तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. तिथीमागे पाऊण तास हे त्याचंच सोपं रूप.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, विशेषतः त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा ना धड चढतं, ना धड उतरतं. म्हणून मोठी मोकळी वाळू बघायची असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तृतीया ते पंचमी निवडा. त्या दिवसांत ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते, ऊन कोवळं असतं.

७. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं म्हणे. कधीही?

फक्त ओहोटीला, आणि तेही प्रत्येक ओहोटीला नाही. इथे फसणारे बरेच असतात. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी येते, वेळ सोयीची वाटते, पण ती भांगाची ओहोटी असते आणि मधल्या वाटेवर गुडघाभर किंवा त्याहून जास्त पाणी राहू शकतं. उलट पौर्णिमेला वाट छान उघडी पडते, पण पहाटे आणि मग संध्याकाळी साडेपाच-सहाला, म्हणजे किल्ल्यात पाऊल टाकता टाकता अंधार. चालत जाण्यासाठी तृतीया ते षष्ठीची सकाळ चांगली.

ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरल्यावर तासाभराच्या आत किनाऱ्याला या. भरतीचं पाणी समोरूनच येतं असं समजू नका. खोलगट जागा आधी भरतात आणि तुमच्या मागची वाट बंद होते. पाणी थोडं असताना घोडागाड्याही किल्ल्यापर्यंत ने-आण करतात. गाडीवाल्याने "आता नको" म्हटलं की विषय संपला, जास्त पैसे देऊ करू नका.

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, १६८० मध्ये सुरू झालं, पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं झाला. आत गणपतीचं देऊळ आहे आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर. ती बघितल्यावर मला दरवेळी नवल वाटतं.

८. पोहता येतं का? पाणी तर शांत दिसतं.

गुडघाभर पाण्यात खेळा, त्यापुढे नको. नोव्हेंबरचं पाणी वरून शांत असतं, पण पावसाळ्यात तळाची वाळू हललेली असते, खड्डे आणि दांडे नव्या जागी तयार झालेले असतात. मागच्या वर्षीची सुरक्षित जागा यंदा तशीच असेल असं नाही. काशीदला किनारा एकदम खोल होत जातो आणि तिथे माणसं बुडाली आहेत. ओहोटी लागली असताना पाणी आत ओढतं, पोहता येणाऱ्यालाही. निवांत किनारा म्हणजे आजूबाजूला धावून येणारं कुणी नाही, हे विसरू नका. दारू पिऊन पाण्यात उतरण्याबद्दल मी काही लिहित नाही, फक्त हात जोडते.

ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे सरळ हात मारत दमू नका. किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, ओढ संपली की किनाऱ्याकडे या. बघणाऱ्याने उडी न मारता दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं, ओरडून कोळी बांधवांना बोलवावं आणि ११२ लावावा.

९. गाडी थेट वाळूवर नेली तर?

नेऊ नका. वाळूवर गाड्या नेणं बेकायदा आहे. वरून घट्ट वाटणारी वाळू चाकाखाली बसते, तेवढ्यात भरती लागते. असली गाडी ओढून काढताना गावची पोरं आणि ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. चिखल्यांसारखे पक्षी वाळूवरच अंडी घालतात आणि कासवांची घरटीही तिथेच असतात (प्रश्न १२). गाडी सुरूच्या बनाबाहेर, गावकरी सांगतील तिथे लावा.

१०. आधी न सांगता गेलो तर जेवायला मिळेल?

अलिबाग, नागाव, रेवदंड्यात खानावळी आहेत, मिळेल. आक्षी, कोर्लई, नांदगावसारख्या ठिकाणी घरगुती जेवण असतं आणि ते माणसं मोजून रांधतात. दीड वाजता दारात उभं राहून "सहा ताटं" म्हणू नका. सकाळी पोचल्या पोचल्या, किनाऱ्यावर जाण्याआधी, एका घरी सांगून ठेवा आणि वेळ पाळा. तांदळाची भाकरी गरम मिळेल, सोलकढी ताजी मिळेल. मासे त्या दिवशी जे आले असतील ते. पापलेटच हवं, सुरमईच हवी असा हट्ट न धरता "आज काय आहे?" विचारलंत तर बोंबील, मांदेली, बांगडा असं काहीतरी फार चांगलं पानात पडतं.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी पुष्कळ घरी महालक्ष्मीचं व्रत असतं. त्या दिवशी घरगुती खानावळीत मासे बहुधा नसतात. वालाचं बिरडं, भात, घरचं लोणचं मिळालं तर तक्रार करू नका. माझ्या मते ते जेवण उणं नाही.

११. पोपटी आणि अलिबागचा पांढरा कांदा मिळेल ना?

दोन्हींसाठी तुम्ही लवकर आलात. पोपटीला वालाच्या भरलेल्या शेंगा लागतात. भात निघाल्यावर वाल पेरतात, शेंगा डिसेंबरच्या अखेरीपासून पुढे भरतात. मग मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, आणि बाहेरून जाळ. नोव्हेंबरमध्ये कुणी पोपटी विकत असेल तर शेंगा बाहेरच्या आहेत. पांढऱ्या कांद्याचीही या दिवसांत लागवड चालू असते आणि रस्त्याकडेला त्याच्या माळा लटकतात त्या उन्हाळ्याच्या तोंडावर. आता घ्यायचंच असेल तर शहाळी, सुपारी, आणि कोळणींकडचा सुका जवळा किंवा नवे सुके बोंबील घ्या. ते वाळवायला याच दिवसांत सुरुवात होते. पिशवी मात्र घट्ट बांधा, परतीच्या बोटीत शेजारीही बसलेले असतात.

१२. काय काय बघायला मिळतं? कासवं? चमकणाऱ्या लाटा?

पक्षी भरपूर. कुरव आलेले असतात. त्यांतले काही लडाख-तिबेटकडून येतात आणि उन्हाळ्यापर्यंत इथे राहतात. ओहोटीच्या काठावर तुतवार आणि चिखल्यांचे थवे टोचत फिरतात. मुलांना आणि कुत्र्यांना त्यांच्यामागे धावू देऊ नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला आपल्या गमतीसाठी दहादा उठवणं मला बघवत नाही. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसेल. ती इवल्या खेकड्यांनी वाळूतलं खाद्य चाळून टाकलेली वाळू असते.

कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळास, हरिहरेश्वरच्या बाजूला जा. ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला नोव्हेंबरपासून येऊ लागतात, पण रात्री आणि एकट्या. पहाटे वाळूवर पाण्यापासून वर आलेला रुंद, फरपटल्यासारखा माग दिसला तर खणू नका, फोटो टाकून जागा जाहीर करू नका, वन विभागाला कळवा.

निळ्या चमकणाऱ्या लाटा याच मोसमात दिसतात. नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे पाणी ढवळलं की उजेड पडतो. त्याला दाट काळोख लागतो, आणि त्या कधी येतील याची खात्री नसते. संध्याकाळी परतणाऱ्याने ती आशा धरू नये.

१३. बायकांसाठी स्वच्छतागृह, कपडे बदलायची सोय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो आणि माहितीपत्रकांत त्याचं उत्तर नसतं. निवांत किनाऱ्यांवर सोय नाही, असं धरूनच निघा. मांडवा जेट्टीवर जाऊन घ्या. पुढे जिथे जेवण सांगाल (प्रश्न १०), त्याच घरी विचारा. जेवणारं गिऱ्हाईक असलं की कुणी नाही म्हणत नाही, आणि पाय धुवायला न्हाणीत पाणीही मिळतं. नुसती सोय वापरलीत तर पैसे विचारून द्या. सुरूच्या बनाचा आडोसा घेऊ नका, ती गावाची रोजची वाट आहे.

१४. मी एकटी येणार आहे. ठीक राहील का?

दिवसा, हो. मी स्वतः एकटी जाते. आक्षी, किहीम, रेवदंडा इथे वस्ती किनाऱ्याला लागून आहे. वस्तीच्या हाकेच्या अंतरात बसा, जेवणाच्या घरी "मी अमुक बाजूला आहे" सांगून ठेवा. कोर्लईच्या किल्ल्यावर किंवा सुनसान टोकांना एकटं जाऊ नका. त्याचं कारण माणसं नव्हेत. पाय मुरगळला तर तासन्‌तास कुणी येणार नाही, म्हणून सांगते.

१५. नोव्हेंबरमध्ये वादळ येत नाही ना?

क्वचित येतं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ याच पट्ट्यात, अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आलं. म्हणून निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा एकदा बघा. बंदरावर बावटा लागला असेल, बोटी बंद असतील तर रस्त्याने येण्याचा अट्टहास करू नका. वाड्यांमध्ये पोफळी विरळ दिसल्या तर त्या ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने पाडलेल्या आहेत. नवी रोपं लावली आहेत, पण पोफळ उत्पन्नाला यायला बरीच वर्षं लागतात.

१६. सूर्यास्त बघून शेवटची बोट मिळते का?

या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. आक्षीहून मांडव्याला पोचायला तासभर लागतो, बसची वाट बघणं वेगळं. शेवटच्या बोटीची वेळ दिवसागणिक आणि कंपनीगणिक बदलते, म्हणून सकाळी मांडव्याला उतरताच खिडकीवर विचारून घ्या, तीच लिहून ठेवा. सूर्यास्तही हवा आणि बोटही हवी असेल तर चारला आवरून सासवणे किंवा किहीमला या आणि तिथे बसा. तिथून मांडवा जवळ आहे. बोट चुकलीच तर अलिबाग स्टँडवरून पनवेलकडे एसटी असते. तीही नको असेल तर सकाळी ज्या घरी जेवलात त्यांना फोन करा. एक खोली आणि रात्रीचं जेवण बहुतेक वेळा निघतं, आणि अमावास्या जवळ असेल तर प्रश्न १२ मधल्या लाटांसाठी एकदा किनाऱ्यावर जाऊन या.